राबात गेलेला ओंडका

टोकावड्याला एसटीतून उतरून हरेश मामाच्या पाड्याकडे वळला, तेव्हा शेतात राब भाजला जात होता. पालापाचोळा, शेणी आणि वाळक्या फांद्यांचा तो धूर! लहानपणीच्या साऱ्या उन्हाळी सुट्ट्या त्याच वासाच्या होत्या. डोळे मिटून त्याने तीनदा खोल श्वास घेतला. शहरात हरवलेले काहीतरी छातीत परतले, असे त्याला वाटले.

"मामा, माझा ओंडका कुठंय?"

नवसूमामाने काठी राबाकडे रोखली. "तो काय! आताच छातीत ओढलास ना रे!"

हरेश मटकन बांधावर बसला. गेल्या पावसाळ्यात त्या ओंडक्यावर त्याला पिवळी श्लेष्मबुरशी, ओल्या लाकडावर जाळीसारखी पसरणारा चिकट जीव, सापडली होती. देठ आणि बीजाणू पाहता ती एका जुन्या, परिचित जातीची वाटे; जनुके मात्र ते नाते साफ नाकारत होती. त्याच्या संशोधनाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी बजावले होते, "सोमवारपर्यंत आणखी नमुना आण. नाहीतर जुन्याच नावाखाली नोंद करू."

"दिसायला सारखी, पण आतून परकी," हरेशने खिन्नपणे समजावले.

"म्हंजे आमच्या किशोरसारखी! तोंड माजं, गुण सगले त्याच्या मामाचे."

"माज्या भावाचं नाव काढू नका हां!" भाकरी घेऊन आलेली रखमीमामी कडाडली. "आनि रडतोस काय रे? अर्धा ओंडका मी घरी नेला. माठ डुगडुगत होता."

हरेश धावतच घरी पोहोचला. माठाखालच्या लाकडावर, पाझरत्या पाण्याने जागी झालेली पिवळीधमक जाळी पसरली होती. वाळलेला नमुना शोधायला आलेल्या त्याला ती जिवंत भेटली होती.

मागून आलेली मामी ओशाळली. "रोज काथ्यानं घासते, सकाली पुन्ना हजर! पावने काय म्हनतील?"

"मामी, नेऊ का गं हा?"

"ने. पन माठ कशावर ठेवू?"

हरेश क्षणभर घुटमळला. मग त्याने पिशवीतून एक जाडजूड ग्रंथ काढला. केवळ रूपावरून जाती ठरवणारा तो ग्रंथ सरांनीच लिहिला होता. पहिल्या पानावर त्यांचा आशीर्वादही होता.

"अरे, भिजंल की!"

"भिजू दे मामी. हिचं जुनंच नाव आहे त्यात."

दमत आलेल्या नवसूमामाने ग्रंथावर ठेवलेला माठ हलवून पाहिला. तो तसूभरही हलला नाही.

"पुस्तक कामाचं हाय," मामा म्हणाला.