लाईट गेली की रहीमचाचा घरी

अमडापुरात लाईट गेली की बाकीचे वायरमन कामाला लागतात आणि आमचे रहीमचाचा काम सोडून घरी पळतात. माझा पंखा त्यांनी तीनदा असाच अर्ध्यावर टांगून ठेवला. चौथ्यांदा माझं डोकंच फिरलं.

बोलायला मात्र चाचा तासभर बसतील. चाचींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्यापासून तर विचारूच नका. शाळेत जीवशास्त्र मी शिकवतो, पण पेशींबद्दल मला तेच शिकवतात. "सर, नसा म्हंजे वायर. अंगातले शिपाईच वायरचं रबर कुरतडून राह्यले."

डॉक्टरांकडे त्यांनी चक्क वायरिंगचा नकाशा मागितला. डॉक्टरही भले. त्यांनी कागदावर रोगाशी लढणारी एक शिपाई पेशी काढून दाखवली, आत जनुकं, काही चालू, काही बंद. चाचींच्या औषधाने त्यातलं कोणतं किती चालायचं, ते बदलतं म्हणाले. चाचांनी तो कागद लॅमिनेट करून मीटरशेजारी लावला.

"बोर्ड तोच, सर. दवाई फक्त बटनं बदलते. मेन स्विच नाई पाडायचा." तेव्हापासून कोणी चिडलं की चाचा शांतपणे सांगतात, "बटन बदल बे." मी चिडलो तर, "बटन बदला, सर." तेवढाच काय तो मान.

तर चौथ्यांदा पंखा लटकला, तसा मी चाचांच्या मागोमाग तणतणत त्यांच्या घरी गेलो. चाची खाटेवर बसल्या होत्या. त्यांना फोन धरवत नाही, म्हणून उशाशी एक मोठं बटन आणि छपरावर भोंगा. दाबलं की अख्ख्या गावाला ऐकू जातो.

"लाईट नसली तं भोंगा वाजत नाई, म्हून येतो," चाचा म्हणाले. "दोन सालात नवा झटका नाई आला. पण कोन्तं बटन कधी पलटन, भरोसा नाई."

माझा राग गेला, लाज तेवढी उरली. तरी मी विचारलंच, "मग भोंगा बॅटरीवर का नाही चालवत? वायरमन ना तुम्ही?"

चाचा पाणी आणायला आत गेले. चाचींनी हसत खाटेखाली बोट दाखवलं. तिथे खोक्यात नवी कोरी बॅटरी होती.

"त्याईनंच कवाची आनून ठेवली, सर. लावली तं घरी यायाले बहाना काय राहीन त्याईले?"

तेवढ्यात लाईट आली आणि चाचाही पाणी घेऊन आले. चाची म्हणाल्या, "आली लाईट. जा आता, सरांचा पंखा लावा."

चाचा खाटेच्या कडेला बसले. "व्होल्टेज कमी हाय," ते म्हणाले. "थांबतो जरासा."