आठल्ये सरांचा तिसरा आकडा

शनिवार, १४ जून १९५८, दुपारी दोन. हजर: आठल्ये सर, माझी पुतणी कुसुम आणि मी. गैरहजर: सरांची सही.

मी यादी करून कामं उरकणारी बाई. कुसुमच्या एम.एस्सी.च्या अर्जाची यादी पुरी होत आली होती. राहिलं होतं फक्त सरांचं शिफारसपत्र. अर्ज सोमवारी मुंबईला पोचायला हवा होता आणि पनवेलच्या पोस्टातून टपालाची थैली चारला निघायची.

सर मुंबईच्या कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवून पनवेलला परतलेले. आकडा कानावर पडला की विचारणार, "अधिक-उणे किती?" दूधवाल्यालासुद्धा सोडत नसत. तो म्हणायचा, "सर, दूध हाय, सोनं नाय." स्वतःचं वय ते बासष्ट, अधिक-उणे एक असं सांगत, जन्माच्या साली आई आणि मामांचं एकमत नव्हतं म्हणे. त्यांची बायको, आमच्या वहिनी, वारल्यावर घरात उत्तर देणारं कोणी उरलं नाही, पण प्रश्न चालूच राहिला.

कुसुम दोन वर्षं त्यांच्याकडे शिकत होती. तरी शिफारस लिहायची तर आधी मोजणी, हा त्यांचा हट्ट. त्यांनी झोपाळ्याची फळी काढून भिंतीला टेकवली, कडीला दोरीनं पितळी गोळा टांगला आणि कुसुमच्या हातात स्टॉपवॉच दिलं. वीस आंदोलनांचा वेळ, तीनदा. गोळा लोंबता ठेवून दोरीची लांबी मोजण्यातच पाऊण तास गेला.

पहिल्यांदा चाळीस सेकंद आले. दुसऱ्यांदाही चाळीस. तिसऱ्यांदा बेचाळीस.

मी सरांच्या पाठीमागून चार बोटं नाचवली, मग मूठ दाखवली: चाळीस लिही. कार्टीनं बेचाळीसच लिहिलं. सव्वातीन वाजले होते.

सर कागदाकडे बघतच राहिले.

"तिसरा का नाही बदललास?"

"आला तो लिहिला, सर."

सरांनी तिच्या हातातलं स्टॉपवॉच काढून घेतलं. मग म्हणाले, "मी बदलला होता. परीक्षेत. पहिला आलो. पुढे संशोधनाचा अर्ज भरला, पण पाठवायचं धैर्य झालं नाही. तेव्हापासून सगळ्यांना विचारत फिरतोय."

मग त्यांनी एकच ओळ लिहिली: ही मुलगी आलेला आकडा बदलत नाही. खाली सही.

मी पदर खोचून पोस्टाकडे धावले. पोस्टमास्तर थैलीचं तोंड बांधत होते.

कुसुमला प्रवेश मिळाला. ती आता मुंबईला असते. माझ्या यादीत एक काम राहिलंय: सरांचा झोपाळा परत टांगून देणे. दोनदा सुतार घेऊन गेले, दोन्ही वेळा सरांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

"राहू द्या, बाई. कुसुम दिवाळीत येईल ना? चौथ्यांदा मोजायचं राहिलंय."

मी म्हटलं, येईल.

अधिक-उणे किती, ते त्यांनी विचारलं नाही. फळी अजून भिंतीलाच टेकलेली आहे.