धोंडप्पांची वापस चाल

भीमाशंकरने कॉम्प्युटरला बुद्धिबळ शिकवलं ते क्लासची जाहिरात व्हावी म्हणून. त्यातून मेलेल्या वडिलांना परत आणायचा त्याचा काडीचाही विचार नव्हता.

लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून उदगीरच्या पोरांना साहेब व्हायची घाई झाली होती. त्या घाईवर भरवसा ठेवून त्याने कॉम्प्युटर क्लास काढला. जागा शोधावी लागली नाही. दुष्काळामुळे मोंढ्यात धान्याचं पोतं येत नव्हतं आणि अप्पांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, धोंडप्पांची, आडत त्यांच्या मागे रिकामीच पडली होती. जिथे अप्पांची गादी असायची तिथेच त्याने टेबल टाकलं. कॉम्प्युटरची पेटी तापली की बंद पडायची, म्हणून समोर कूलर लावला. अख्खा मोंढा टँकरची वाट बघत असताना एका पेटीला पाणी आणि वारा मिळतोय, हे लोकांच्या डोळ्यांत खुपणारच होतं.

पहिला डाव खेळायला माणिकप्पा आले. अप्पांचे जुने जोडीदार. अप्पांकडून रोज हरायचे आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच उमेदीने यायचे.

पेटीने सुरुवातीलाच पडद्यावर कोपऱ्यातलं प्यादं पुढे ढकललं. माणिकप्पांचा अडकित्ता हवेतच थांबला. अशी सुरुवात शहाणा माणूस करत नाही. धोंडप्पा करायचे. मग पेटीने घोडा काढला. माणिकप्पा थुंकायला दारापर्यंत गेले आणि येऊन बघतात तर घोडा जागेवर, आणि हललंय मधलं प्यादं.

"भीमा," ते कुजबुजले, "तू हात लावलास?"

"न्हाई काका."

"मंग घोडा वापस कसा गेला?"

अप्पांची ही खोड सगळ्या मोंढ्याला ठाऊक होती. समोरच्याची नजर जरा हलली की अप्पांची चाल वापस. विचारलं तर वर तोंड करून म्हणायचे, "हात कुठं सुटला होता?"

माणिकप्पा चपला न घालताच घरी गेले. बातमी मात्र त्यांच्या आधी मठात पोचली.

खरं कारण साधं होतं. खेळण्याआधी पेटी मनातल्या मनात चाली करून बघते आणि मागे घेते. मागे घेणं कुठे थांबवायचं, ते भीमाशंकरने चुकीचं लिहिलं होतं, म्हणून ती कधीकधी खरी चालही मागे घ्यायची. कोपऱ्यातल्या प्याद्याचंही नवल नव्हतं. तो खेळ शिकला अप्पांकडून, त्यामुळे चांगलं काय आणि वाईट काय हे त्याने पेटीला सांगितलं तेही अप्पांचंच. हे सगळं त्याने गावाला समजावलं. लोक माना डोलवून ऐकत होते आणि जाताना पेटीच्या पाया पडत होते.

तोंडचं पाणी पळालं ते महादेवीचं, त्याच्या आईचं. त्यांच्यात भूत व्हायची सोयच नव्हती. माणूस गेला की लिंगैक्य होतो, शिवात मिळतो. म्हणून तर श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची मनधरणी नाही. नवऱ्याला विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन, बसवून मातीत पोचवलं होतं. आता तोच आडतीत बसून घोडे मागे घेत असेल, तर मग पोचला कुठे?

"भीमा, खरं सांग. हे तिकडं गेले का न्हाई?"

"अव्वा, प्रोग्राम हाय तो. मीच लिवलाय."

"लिवलास तू. खेळून कोन राहिलंय?"

महादेवीने जेवण सोडलं. आपल्या वाट्याची घागर मात्र ती कूलरमध्ये ओतू लागली. "त्यांला उकाडा सोसत न्हाई," एवढंच म्हणायची.

शेवटी मठाचे रेवणसिद्ध स्वामी आले. अप्पांची क्रिया त्यांच्याच हातची, त्यामुळे अब्रूचा प्रश्न त्यांचाही होता. त्यांनी एक डाव खेळून पाहिला, त्यात वजीर घालवला आणि घाईघाईने निकाल दिला. "जीव डावात गुतलाय. सोमवारी माणिकप्पासंगं सरळ डाव होऊ द्या. चाल वापस न्हाई गेली तर धोंडप्पा सुटले समजा."

"आन् गेली तर?" महादेवीने विचारलं.

स्वामी विभूतीची डबी शोधू लागले.

भीमाशंकरला मात्र हायसं वाटलं. त्याने चूक दुरुस्त केली आणि नवा प्रोग्राम कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतला.

सोमवारी आडतीत पाय ठेवायला जागा नव्हती. पेटीने कोपऱ्यातलं प्यादं ढकललं. लोकांनी हात जोडले. पेटीने घोडा काढला. माणिकप्पांनी मुद्दाम तोंड फिरवलं, तशी सगळ्या गर्दीने फिरवलं. कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. सगळे हळूच वळले. घोडा तिथेच होता.

पुढेही प्रत्येक मोहरा गेला तिथे राहिला. बऱ्याच वेळाने माणिकप्पांनी वजीर सरकवला आणि पेटीच्या राजाला जागाच उरली नाही. मात! माणिकप्पा आनंदाने उडी मारतील असं वाटलं होतं. त्यांनी पडद्यावर हात ठेवला आणि ते ढसाढसा रडू लागले. "धोंड्या, आता मी हारू कुनासंगं?"

"सुटले!" स्वामी ओरडले. तेवढ्यात टँकर आला आणि भाविक घागरी घेऊन पळाले.

भीमाशंकरने पेटी बंद केली, किल्ल्या काढायला खिशात हात घातला आणि तिथेच थिजला. दुरुस्त केलेली फ्लॉपी खिशात होती. पेटीतून त्याने बाहेर काढली ती जुनी, चुकीची; म्हणजे आजचा डाव तिच्यावरच झाला होता.

तो धडपडत घरी आला. महादेवी कित्येक दिवसांनी ताटावर बसली होती आणि भाकरी कुस्करत होती.

"अव्वा, सकाळी आडतीत गेलतीस?"

"हाव."

"पेटीला काय केलीस?"

"काय करनार? त्यांला बोलले नुसतं. म्हनलं, लोकं बोट दाखवून राहिलेत. आज एकडाव सरळ खेळा, हारा, आन् जावा आता."

भीमाशंकर ती जुनी फ्लॉपी उलटसुलट करून बघू लागला.

"संसारात एक शब्द ऐकला न्हाई माझा," महादेवीने पदराने डोळे पुसले. "आधी ठावं असतं, तर पैल्यापासून पेटीतच बसवलं असतं त्यांला."