फक्कीच्या भिंती

मास्तरांनी घराचा नकाशा स्वतः काढला होता आणि त्याला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. रेघ अशी, की पट्टीनं लाजावं. प्लॉटवर पांढऱ्या फक्कीनं खोल्या, दारं, अगदी कपाटंसुद्धा आखून झाली होती. सोमवारी पाया खणायचा होता.

रविवारी सकाळी सून म्हणाली, "बाबा, खणायच्या आधी या घरात थोडं राहून बघू या का?" सून इस्पितळात नर्स होती. कुठलीही गोष्ट करून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"घर कुठंय अजून?" मास्तर हसले.

"रेघा आहेत ना! रेघ म्हणजे भिंत. भिंतीतून कुणी जायचं नाही, एवढंच."

मास्तरांना कल्पना फार आवडली. पैकीच्या पैकी मार्क ठरलेलेच होते. ते खुर्ची टाकून बैठकीत बसले, मुलगा निजायच्या खोलीत खाटेवर पसरला आणि सासूबाई थर्मास घेऊन स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या.

"अगं, चहा आण!" मास्तरांनी फर्मावलं.

सासूबाई निघाल्या त्या थेट मुलाच्या उशाशी पोचल्या.

"आई, तू इथं कशी?"

"मग कुठून जाऊ? तुझ्या वडिलांनी चहाला दुसरी वाटच ठेवली नाही."

मास्तर खाकरले. "चालतं. घरचीच माणसं."

"आता तुम्ही आंघोळीला बसा, मी पाहुणी," सून म्हणाली. मास्तर न्हाणीघरात विटेवर बसले. सुनेनं 'टिंगटाँग' केलं, मुलानं पुढचं दार उघडलं आणि पाहुणीची नजर सरळ मास्तरांवर गेली.

"नमस्कार. चालू द्या," सून म्हणाली.

"अहो, दार लावा!" सासूबाई ओरडल्या.

"लावतोय! पण ते कपाटाला अडतंय!" मास्तर ओरडले आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच चपापले.

विटेवर बसून हवेत दार ओढणारा म्हातारा पाहून रस्त्यावर माणसं थांबली. एका भल्या शेजाऱ्यानं धावत जाऊन डॉक्टरांना आणलं.

"मास्तर, कुठं आहात तुम्ही?" डॉक्टरांनी हळुवारपणे विचारलं.

"न्हाणीघरात."

डॉक्टर सासूबाईंकडे वळले. "कधीपासून?"

"अहो, मला काही झालेलं नाही!" मास्तर ताडकन उठले. डोक्यावर ऊन, पोटात काही नाही. उठले तसे झोकांडले. सुनेनं धावत जाऊन त्यांना सावरलं, खाटेवर निजवलं, नाडी पाहिली.

"आडवंच घरी न्या," डॉक्टर म्हणाले.

मुलानं आणि रस्त्यावरच्या तिघांनी खाट उचलली. घरातल्या बोळाच्या वळणावर ती अडली. पुढचे दोघे बैठकीत, मागचे दोघे निजायच्या खोलीत.

"जरा बाजूनं घ्या की. रेघच तर आहे," डॉक्टर म्हणाले.

"भिंत आहे!" खाटेवरून आवाज आला.

खाट पुढं होईना, मागं होईना. चौघांचे हात भरून आले. मास्तर आभाळाकडे बघत पडले होते. तसेच हलकेच म्हणाले, "आज ही गंमत आहे. पण उद्या खरंच मला असं न्यावं लागलं तर?"

"म्हणूनच म्हटलं, बाबा. आमच्याकडे पेशंट येतात ना, त्यांचे निम्मे हाल घरातून बाहेर काढतानाच झालेले असतात."

मास्तर खाटेवरून उतरले. बोळाची रेघ त्यांनी स्वतःच्या चपलेनं पुसली आणि शेजारच्या आपल्या चित्रं काढायच्या खोलीत आत सरकवून घेतली; बोळ रुंद झाला. मग चहाला स्वतंत्र वाट मिळाली. न्हाणीघरानं पाहुण्यांकडे पाठ फिरवली. फक्कीचं घमेलं सुनेच्या हाती देत ते म्हणाले, "मी रेघा काढतो गं. पण घर तुला दिसतं."

गर्दी पांगली तरी डॉक्टर तिथंच घुटमळत होते. शेवटी सुनेजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "पुढच्या रविवारी मोकळ्या आहात का? माझ्या नव्या दवाखान्यातही खाट वळणार नाही, असं आत्ता लक्षात येतंय."

"येते की. आखून झालाय?"

"बांधून झालाय."

"मग फक्की नको," सून म्हणाली. "घण आणून ठेवा."