वैद्यबुवा सुया टोचून घेतात

वैद्यबुवा मेंग यांना झोप येत नव्हती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. दवाखान्याच्या पाटीवर ‘निद्रानाशावर खात्रीचा उपचार’ असं त्यांनीच हौसेनं रंगवून घेतलं होतं. स्वतःला सुया टोचून झाल्या, भाजलेल्या बोराच्या बियांचा काढा पिऊन झाला. डोळा लागेल तर शपथ!

“शहरातल्या त्या नव्या वैद्यबाईकडे जा ना,” बायको म्हणाली. “लोक नावाजतात तिला.”

“काल शिकून आलेल्या पोरीकडे मी जाऊ? गावात कळलं तर दवाखान्याला कुलूप लागेल!”

“नका जाऊ. बसा घुबडासारखे जागत. मला मात्र उठवू नका.”

शेवटी औषधी मुळ्या आणायच्या निमित्तानं वैद्यबुवा बसमध्ये चढले. डोक्यावर टोपी, नाकापर्यंत मास्क. बाईंच्या दवाखान्यात नाव सांगितलं किम. कोरियात पाचातला एक किमच, त्यामुळे किम म्हटलं की कुणी मान वर करून बघत नाही.

वैद्यबाईंनी नाडीवर तीन बोटं ठेवली. “काका, काम काय करता?”

“मिरचीची शेती.”

“हात तर मऊ आहेत की!”

“शेती बायको बघते,” असं म्हणून त्यांनी मनातल्या मनात बायकोची माफी मागितली.

डोक्यात, मनगटात, पावलांत सुया रोवून बाईंनी बजावलं, “हलायचं नाही हं,” आणि पडदा ओढला. पलीकडच्या खाटेवरून ओळखीचा आवाज आला. त्यांच्याच गावच्या, गोकसोंग माहेरच्या आजी! आजींना आलेल्या गुणाचा दाखला देत तर वैद्यबुवांनी गावभर बढाया मारल्या होत्या.

“आमच्या वैद्यबुवांच्या सुयांनी काही होत नाही गं बाई,” आजी सांगत होत्या. “मी आपली म्हणते, मस्त झोप लागली. केवढा खुलतो बिचारा!”

वैद्यबुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळावं, तर पायांत सुया.

सुया निघताच ते धावत बस गाठून मागच्या बाकावर जाऊन बसले. पाठोपाठ आजी चढल्या. मग मुख्याध्यापक, मग न्हावी, मग शेवयावाली. सगळे त्यांचेच रोगी! ज्यानं त्यानं मास्कमागच्या वैद्यबुवांना ओळखलं आणि घाईघाईनं खिडकीबाहेर पाहिलं. कुणी कुणाची लाज बाळगायची तेच कळेना. बस सुटली.

“अहो, उठा! शेवटचा थांबा आला!” ड्रायव्हर ओरडत होता. “सगळेच्या सगळे घोरताय! प्यायलात की काय?”

गाव केव्हाच मागे पडलं होतं. बंदराच्या थांब्यावर सगळी मंडळी परतीच्या बसची वाट बघत उभी राहिली. वैद्यबुवांनी मान खाली घातली.

“आजी, आता माझ्याकडे नका येऊ. उगाच खोटं बोलावं लागतं तुम्हाला. खरं सांगतो, मलाच झोप येत नाही हो.”

“ठाऊक आहे,” आजी म्हणाल्या. “सुई टोचता टोचता पेंगता तुम्ही. परवा माझ्याऐवजी उशीला टोचलीत.”

“गावात कुणाकुणाला माहीत आहे हे?”

मुख्याध्यापक खाकरले. न्हाव्यानं आभाळाकडे पाहिलं.

“सगळ्यांना,” आजी म्हणाल्या. “म्हणून तर शहरातल्या बाईंकडे जातो. तुमची झोप झाली की येतोच परत तुमच्याकडे.”