सगळे रस्ते इंझोरीवरून

आमच्या कामरगावातून जगात कुठंही जायचं असलं, तरी रस्ता इंझोरीवरून जातो. असं भूगोल म्हणत नाही, पुंडलिकभाऊ म्हणतात. अमरावती एका अंगाला आणि इंझोरी नेमकी दुसऱ्या अंगाला, ही अडचण त्यांनी कधी मनावर घेतली नाही.

भाऊ माझे शेजारी. गावातल्या जीपवाल्यांनी काचेपाशी रस्ता सांगणारे डबे बसवले आहेत. वाटेत मोबाइलची रेंज जाते, म्हणून डब्यात नकाशे आधीच भरून ठेवावे लागतात. ते खातं भाऊंकडे. नकाशे भरायच्या दिवशी ते आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून संगणकापुढे बसतात. कुणी हाक मारली तर आतून आवाज येतो, "थांब जरा. भारत चढून राह्यला." एकदा लाइट गेली तेव्हा भारत अर्धाच चढला होता. भाऊ दिवसभर सुतकातल्यासारखे बसून होते.

डब्यातली बाई हिंदीत बोलते. भाऊ तिला मॅडम म्हणतात. तिच्याशी वाद घातलेला त्यांना खपत नाही. "मॅडमले आभायातून दिसते. तुले बोनेटच्या पुढचं तरी दिसते काय?"

नवा नकाशा भरला की तो तपासायला भाऊ स्वतः पुढच्या सीटवर बसतात. परवा गजूच्या जीपमधून किन्हीराजाला वऱ्हाड निघालं, तेव्हाही बसले. गजूला रस्ता पाठ होता, पण मॅडमचं न ऐकणाऱ्याला भाऊ पुन्हा नकाशा भरून देत नाहीत. वऱ्हाड इंझोरीमार्गे गेलं. नवरदेव मांडवात पोचला तेव्हा अर्धं गाव जेवून उठलं होतं. त्याच्या मामानं गजूला जे ऐकवलं, ते कुठल्याही नकाशात भरण्यासारखं नव्हतं.

जीपवाल्यांनी ठरवलं, भाऊंकडून हे काम काढून घ्यायचं आणि डबे कारंज्याच्या दुकानात द्यायचे. त्याआधी गजू माझ्याकडे आला. "मास्तर, एकडाव तुमी बसून पाहा. बिघाड मशीनमधी हाय का भाऊमधी, तेवढं सांगा."

अमरावतीची खेप होती. मी मागं, भाऊ पुढं, मांडीवर पिशवी आणि पाण्याची बाटली. निघालो अर्थात उलटे. इंझोरीत एका घरापुढे गजूनं न सांगता ब्रेक मारला. दारात भाऊंची लेक, वर्षा.

"आज कुठी चालले, बाबा?"

"अमरावतीले. रस्त्यात लागलं म्हून थांबलो."

वर्षाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "हो. लागतेच."

भाऊ जुन्या वळणाचे. लेकीच्या दारी बिनकामाचं जायचं नाही, आणि गेलंच तर तिथलं पाणीही प्यायचं नाही. भाऊंची बायको, आमच्या काकू, होत्या तोवर त्या लोणच्याचं, हळदीकुंकवाचं काहीतरी निमित्त काढायच्या. काकू गेल्या, आणि निमित्त काढणारं माणूस घरात उरलं नाही. मग भाऊंनी मॅडमला कामाला लावलं.

त्यांनी पिशवीतली वांगी ओट्यावर ठेवली. वर्षानं गजूला आणि मला चहा दिला. भाऊंना तिनं विचारलंही नाही. त्यांनी उभ्यानंच आपल्या बाटलीतलं पाणी पिऊन संपवलं. मग कपडे वाळत घालायची दोरी त्यांना ढिली दिसली. ती सोडून पुन्हा बांधण्यात त्यांनी बराच वेळ काढला. गाठ चांगली होती, असं माझं मत आहे.

"चला, उशीर होते," असं शेवटी तेच म्हणाले.

जीप निघाल्यावर गजूनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मंग मास्तर, बिघाड सापडला काय?"

भाऊ खिडकीबाहेर बघू लागले. त्यांची मान एकदम म्हातारी दिसली.

"नकाशा बरोबर आहे," मी म्हणालो. "वऱ्हाड असलं की तेवढी मॅडमला सुट्टी देत जा."

"अन् बाकीच्या खेपाले?"

"इंझोरीवरून."

गजू हसला नाही. त्यानं गियर टाकला. भाऊ म्हणाले, "म्या कवाचंच सांगून राह्यलो. मशीन खोटं नाही बोलत."

मग त्यांनी बाटली उचलली. ते दोरीशी झटत होते तेव्हा वर्षानं ती काठोकाठ भरून ठेवली होती, हे मी पाहिलं होतं. भाऊंनी बाटली हातात तोलली, झाकण उघडलं आणि सावकाश दोन घोट घेतले.

"मास्तर," ते म्हणाले, "पाणी प्यावं तं आपल्या कामरगावचं."