यानाचा उद्धटपणा

संस्थेत तुलना विभाग होता आणि त्या विभागात एकच बाई होती. सूर्याकडून भारित कणांचा जो वारा अवकाशात सतत वाहतो, त्यातली खळबळ संगणकावर हुबेहूब उभी करायची आणि त्याच वाऱ्यात तरंगणाऱ्या यानाच्या मोजमापांशी ती ताडून पाहायची, हे तिचं काम. तिला सगळे तुलनाबाई म्हणत. नोकरी कंत्राटी होती. कायम करण्याचा प्रस्ताव संचालकांच्या टेबलावर कित्येक वर्षं विचाराधीन होता.

एका सकाळी तिने खळबळीचा जोर दाखवणाऱ्या दोन रेषा एकमेकींवर ठेवल्या. लाल संगणकाची, निळी यानाची. वाऱ्यातल्या मोठ्या भोवऱ्यांपर्यंत दोघी पाहुण्यांसमोर जावाजावा वागतात तशा गोडीगुलाबीने चालल्या. भोवरे बारीक होऊ लागले तशी निळी रेष धाडकन खाली कोसळली. लाल रेष मात्र ऐटीत पुढे गेली. ती संचालकांनी स्वतः मांडलेल्या समीकरणांतून निघाली होती.

संचालकांनी आलेख बराच वेळ न्याहाळला.

"यान चुकतंय."

"सर, पण यान तिथे आहे."

"तेच तर! तिथे असणाऱ्याला तटस्थ दृष्टी कशी असणार?"

लगोलग 'यान वर्तन चौकशी समिती' नेमण्यात आली. यानाविषयी काहीही माहीत असलेला एकही सभासद तिच्यात नव्हता; निःपक्षपातीपणासाठी ते आवश्यकच होतं. समितीने यानाकडे खुलासा मागितला. तो संदेश खरोखरच अँटेनावरून रवाना झाला. उत्तरादाखल यानाने आणखी मोजमापं पाठवली, तीही पहिल्यासारखीच. यानाचं वर्तन 'उद्धट व अडेलतट्टू' असल्याचा ठराव एकमताने संमत झाला.

"मनाला लावून घेऊ नका, बाई," संचालक म्हणाले आणि प्रस्तावावरची धूळ त्यांनी फुंकरीने उडवली. "यानाचे आकडे आत घेण्याआधी आमच्या समीकरणातून गाळून घ्या. शिस्त लागेल त्याला."

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "आरशावर स्वतःचा फोटो चिकटवून केस विंचरण्यातला प्रकार आहे हा."

"मग विंचर ना! कायम होतेयस ना?"

तिने गाळणी बसवली. रेषा अशा जुळल्या, की निळी दिसेनाशीच झाली. संचालकांना सन्मानचिन्ह मिळालं, तिला पक्की नोकरी मिळाली. त्या आनंदात तिला कितीतरी दिवस जेवण गेलं नाही.

मग सूर्यावर उद्रेक झाला. यान जीव तोडून मोजत होतं, गाळणी जीव तोडून गाळत होती. संस्थेने वर कळवलं, 'वारा शांत.' दुसऱ्या संध्याकाळी ते वादळ पृथ्वीवर आदळलं, ट्रान्सफॉर्मर जळाले आणि शहर काळोखात बुडालं. तुलनाबाईची थोरली बहीण लिफ्टमध्ये अडकली. बाहेर काढल्यावर तिने धाकटीचा हात घट्ट धरून ठेवला. समितीने निष्कर्ष काढला, की मोजमापांत नोंद नसल्याने वादळ आलेलंच नाही. अंधार स्थानिक स्वरूपाचा आहे.

दुसऱ्या दिवशी तुलनाबाईने कुणालाही न विचारता गाळणी काढून टाकली आणि यानाचे खरे आकडे सोप्या भाषेत रोज लोकांच्या फोनवर पाठवायला सुरुवात केली. संचालकांनी तिला 'अनधिकृत वास्तव प्रसारित केल्याबद्दल' नोटीस बजावली. पण नोकरी त्यांनीच कायम केलेली, काढता येईना. म्हणून खुर्ची काढून घेतली. ती उभ्याने काम करू लागली.

संचालकांनीही स्वतःचं पत्रक काढलं. तिचं म्हणे, "मोठं वादळ येतंय. टॉर्च, पाणी, औषधं हाताशी ठेवा." त्यांचं म्हणे, "वारा शांत आहे. निश्चिंत असा." त्यांचे वाचक वाढत गेले, तिचे गळत गेले.

शेवटी तिने बहिणीला विचारलं, "ताई, तू तरी वाचतेस ना माझं?"

"वाचायचे गं," ताई खाली बघत म्हणाली. "पण तुझं वाचलं की छातीत धडधडतं. त्यांचं वाचलं की कशी छान झोप लागते."

ताईला हसू नका. ही गोष्ट आहे म्हणून तर तुम्ही इथवर वाचत आलात. मोजमाप म्हणून छापली असती, तर पहिल्याच परिच्छेदाला पान उलटून मोकळे झाला असतात.